काकडीची फोड

एरवी खुर्चीवर बसूनच पोरांवर नजर ठेवणाऱ्या पाळणाघराच्या ताई एका काकडीपायी मेटाकुटीला आल्या होत्या. दुपारी सगळी पोरं आपापल्या बशीतली फोड मुकाट्याने खायची, पण चार वर्षांची भिंगरी काकडी दिसली रे दिसली की धूम ठोकायची. मग पुढे भिंगरी, मागे हातात फोड धरून ताई आणि त्यांच्यामागे "पळा, पळा!" करत अख्खं पाळणाघर. घसरगुंडीला वळसा घालून, पाळण्यांच्या रांगेतून, चपलांच्या कपाटापर्यंत आणि परत. रोज दहा फेऱ्या व्हायच्या, ताईंच्या छातीचा भाता व्हायचा आणि काकडी होती तशीच राहायची.

महिना झाला तशी ताईंनी धास्तीच घेतली. पोरगी अशक्त झाली तर? एका संध्याकाळी भिंगरीची आई तिला न्यायला आली, तेव्हा त्या अपराध्यासारख्या म्हणाल्या, "माफ करा हं, पण महिनाभरात हिच्या पोटात काकडीचा एक तुकडा घालणं मला जमलं नाही."

आई चकितच झाली. "काकडी? अहो, घरी बशीभर फस्त करते! बाबांच्या ताटातलीसुद्धा सोडत नाही."

ताई कंबरेवर हात ठेवून भिंगरीकडे वळल्या. "काय गं, मग इथेच काय धाड भरते तुला?"

बूट चढवता चढवता भिंगरीने समजुतीच्या सुरात सांगितलं, "ताई, मी खाल्ली तर तुम्ही खुर्चीवरून उठणारच नाही ना!"