काच तापते

मिस्त्रींनी कागद हातभर लांब धरून पाहिला, मग बायकोकडून चष्मा मागून घेतला. कागदावर इंजिनीअरच्या हातचं गणित होतं. इंजिनीअर स्वतः समोरच्या खुर्चीत अगदी कडेला बसली होती. पुढ्यातल्या चहाला तिनं अजून हात लावला नव्हता.

"समजावून सांगा," मिस्त्री म्हणाले. "आकड्यांचं आमचं अवघडच."

डेअरीच्या गच्चीवर पन्हळीसारख्या वाकवलेल्या आरशांच्या सहा रांगा, तिनं सुरुवात केली. प्रत्येक रांगेच्या मधोमध काचेच्या आवरणातली नळी. ऊन नळीवर एकवटतं, नळीतलं पाणी तापतं, त्यावर दूध तापवतात. हे मिस्त्रींना सांगायची काही गरज नव्हती. सात वर्षं त्या रांगा त्यांनीच सांभाळल्या होत्या. पण तिला कुठून तरी सुरुवात करायची होती, आणि तेही ऐकून घेत होते.

उन्हाचे शंभर भाग धरले तर सत्तर नळीपर्यंत पोचतात. नळी गरम असते, म्हणून त्यातले काही पुन्हा हवेत निसटतात. उरतं तेवढंच कामाचं. नळी आणि तिच्यावरची काच यांच्यामधली हवा काढून टाकलेली असते, म्हणून निसटणारे आठच धरले होते. म्हणजे बासष्ट उरायला हवे होते. मीटर सत्तेचाळीस दाखवत होता.

"पंधरा कमी," मिस्त्री म्हणाले.

"हो. ते पंधरा मी धुळीच्या नावावर टाकले."

तिच्या अहवालात मिस्त्रींबद्दल एकच ओळ होती: आरशांची स्वच्छता समाधानकारक नाही. त्यावर मॅनेजरनं हुकूम काढला, आरसे दिवसातून एकदा नव्हे, तीनदा पुसायचे. मिस्त्री अडीच महिने रोज तीनदा शिडी चढले. मग एका दुपारी ओल्या पायरीवरून पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. डेअरीनं दवाखान्याचं सगळं केलं आणि त्यांना घरी बसवलं.

आणि ती अहवाल लिहिण्याआधीच मिस्त्रींनी तिला सांगितलं होतं. मॅडम, नळीवरची काच तापते, पूर्वी तिच्यावर हात ठेवता यायचा. उन्हातली काच तापणारच, असं म्हणून ती हसली होती आणि घड्याळ बघत जिना उतरली होती.

मागच्या आठवड्यात ती नव्या रांगांसाठी मापं घ्यायला गच्चीवर गेली. वाकताना तोल गेला म्हणून तिनं नळीवरच्या काचेवर हात टेकला आणि चटका बसून झटकन मागे घेतला. मग एकेक नळी तपासली. सांध्यांतून केव्हाच आत हवा शिरली होती आणि तिच्यातून नळीची उष्णता काचेवाटे बाहेर निसटत होती. घरी येऊन तिनं गणित पुन्हा मांडलं. आठाच्या जागी बावीस आले. उरले अठ्ठेचाळीस.

"मीटरपेक्षा एकच जास्त," ती म्हणाली. "तेवढा फरक असतोच. धुळीला जागाच उरत नाही. आरसे स्वच्छ होते, मिस्त्री."

मिस्त्रींनी चष्मा काढला आणि भिंतीशी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं.

"मला वाटत होतं, माझे डोळे गेले," ते बायकोला म्हणाले. "इतकं पुसूनही डाग कुठं राहतोय, तेच दिसत नव्हतं."

बायको गार झालेला चहा उचलून आत गेली.

इंजिनीअरनं माफीचं वाक्य येताना वाटेत तयार केलं होतं. ते बरंच लांब होतं. ती मध्यावर पोचली तेव्हाच मिस्त्रींनी मान हलवली. पुढचं त्यांना नको होतं. कागदाची घडी घालता घालता त्यांनी विचारलं, सध्या आरसे कोण बघतं. पॅकिंगमधल्या एकाला वर घेतलंय, ती म्हणाली.

"तोही तीनदाच पुसतो?"

"हो."

"हा कागद डेअरीत कुणी पाहिलाय?"

अजून नाही, ती म्हणाली. आधी तुम्हाला सांगावं असं वाटलं. इथं येईपर्यंत तिला ते बरोबर वाटत होतं.

मिस्त्रींनी घड्याळाकडे पाहिलं. पुसायची तिसरी खेप सव्वातीनला असायची. तीन वाजून गेले होते.

"मग इथं काय बसलात, मॅडम?" ते म्हणाले. त्यांचा आवाज मुळीच चढला नव्हता.

ती बाहेर जिन्यावर आली आणि तिनं डेअरीच्या सुपरवायझरला फोन लावला. माणूस आत्ताच वर गेलाय, तो म्हणाला. त्याला आधी खाली उतरवा, तिनं सांगितलं, आजपासून एकदाच पुसायचं. सुपरवायझर बोलत बोलतच गच्चीवर गेला. फोनमध्ये वारा घोंघावू लागला, मग त्याची हाक ऐकू आली, मग लोखंडी शिडीवरून कुणीतरी उतरल्याचा आवाज. हुकूम मॅनेजरसाहेबांचा आहे, सुपरवायझर म्हणाला, रजिस्टरात कारण लिहावं लागेल. काय लिहू?

तिनं सांगितलं. वाऱ्यात त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं.

"लिहा, माझं गणित चुकलं होतं," ती मोठ्यानं म्हणाली. "आरसे पहिल्यापासून स्वच्छ होते."

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून वर पाहिलं. थांबा मॅडम, सावकाश सांगा, सुपरवायझर म्हणाला, आणि तिचा एकेक शब्द मोठ्यानं म्हणत लिहू लागला.