रक्तातलं गाव

साथीला नववं वर्ष लागलं होतं. गावागणिक विषाणू वेगळा झाला होता. आरोग्यसेविका कुंदाताईंनी दर महिन्याप्रमाणे हेरंब आणि मृदुला या नवराबायकोच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला.

"हेरंबराव, तुमच्या रक्तात या वेळी देवरुखच्या विषाणूची प्रतिकारशक्ती दिसतेय."

मृदुलाने नवऱ्याकडे रोखून पाहिलं. "देवरुखला कधी गेला होतात?"

"मी कुठेच गेलो नाही."

"मग रक्त खोटं बोलतंय का?"

कुंदाताईंनी दुसरा थेंब तपासला आणि आवाज खाली आणला. "ताई, तुमच्यातही तीच आहे. त्यांच्यापेक्षा तीन आठवडे जुनी."

हेरंबने चहाचा कप खाली ठेवला. "तू मावशीकडे साताऱ्यालाच गेली होतीस ना?"

मृदुला बोटावरचा कापूस दाबत राहिली. रक्त केव्हाच थांबलं होतं.