चापाचा ताण

लोर्नानं दुकानातल्या लांब टेबलावर पाच वस्तू मांडल्या. फडक्यात गुंडाळलेली एक पंपाची शिकारी बंदूक. एक रिकामं हिरवं काडतूस. दोन कागद, पहिल्यावर बेचाळीस सह्या, दुसऱ्यावर टाइप केलेला कबुलीजबाब, सहीची जागा कोरी. आणि पाच पौंडांचं पितळी वजन.

"बेचाळीस," ती म्हणाली. "गावात शिकार करणारे पन्नाससुद्धा नाहीत. यापुढे तुमच्याकडे कुणी बंदूक आणणार नाही, अँटन."

अँटन वाइझनं चष्मा कपाळावर सरकवला. चाळीस वर्षं तो या गावात बंदुका दुरुस्त करत होता.

"मायरन कसा आहे?"

"गुडघ्याखाली उजवा पाय नाही. असा आहे."

मायरन तिचा धाकटा भाऊ. तीन आठवड्यांपूर्वी, हंगामाच्या पहिल्या दिवशी, तो आणि लोर्नाचा नवरा व्हर्लिन कापणी झालेल्या मक्यातून शिकारीचे फेझंट पक्षी उठवत चालले होते. जमिनीच्या वाटणीवरून मार्चपासून दोघांचं बोलणं बंद होतं. दोघं एकत्र निघाले म्हणून लोर्नानंच हौसेनं सँडविच बांधून दिली होती. व्हर्लिनच्या म्हणण्याप्रमाणं पक्षी उठला, त्यानं सुरक्षेची कळ सरकवली, त्याचा हातमोजा चापाला नुसता घासला आणि बार उडाला. मायरन त्याच्या पुढं होता, पाठमोरा. शेरीफच्या माणसानं व्हर्लिननं सांगितलं तसं लिहून घेतलं, अपघात अशी नोंद केली आणि बंदूक परत दिली.

दोष कुणाचा हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ऑगस्टमध्ये व्हर्लिननं ही बंदूक चाप हलका करायला अँटनकडे टाकली होती.

"कारखान्यातून आली तेव्हा या चापाला सात पौंडांच्या वर ताण होता," लोर्ना म्हणाली. "तेवढा ताण मुद्दाम ओढावा लागतो. हातमोजा घासून सुटायला तो दोनच्या खाली पाहिजे. खोटं बोलतेय का मी?"

"नाही."

"व्हर्लिन म्हणतो, इथून नेल्यापासून चाप लोण्यासारखा चालत होता."

"आतले भाग घासून गुळगुळीत केले की तसं वाटतं."

"वाटतं? माझ्या भावाचा पाय गेला, आणि काय वाटतं ते सांगताय मला?"

अँटननं थंडगार कॉफीचा घोट घेतला. "इथं येणाऱ्या प्रत्येकाला हलका चाप हवा असतो, पोरी. प्रत्येकाला तो द्यायचा नसतो."

"मग व्हर्लिनला कशाला दिलास?"

लहानपणापासूनचं अहो-जाहो तिनं पहिल्यांदाच सोडलं होतं. अँटननं कॉफीचा कप खाली ठेवला.

"बोल ना आता! बाबा म्हणायचे, अँटनच्या हातची बंदूक डोळे मिटून घ्यावी. बरं झालं, हे बघायला ते राहिले नाहीत."

"दे तो कागद," तो म्हणाला. "सही करतो."

तो नाही म्हणेल, वाद घालेल, अंगावर ओरडेल, या सगळ्याची तयारी करून ती आली होती. याची नव्हती. तिचा राग आणखीच चढला.

"इतक्या सहज? लाज कशी वाटत नाही रे तुला?"

"तुझ्या मुली कशा आहेत?"

"बाप धड जेवत नाही हे बघताहेत रोज. पोर्चमध्ये एकटा बसून असतो. तुझ्या करणीमुळं!"

"म्हणून तर म्हणतो, दे कागद."

तिनं कागद त्याच्यापुढं आपटला. मधल्या एका ओळीत रिकामी जागा होती. चापाचा ताण, आणि पुढं पौंड.

"दोन लिही," अँटन म्हणाला.

"लिही म्हणजे?"

"दीड लिही हवं तर. दुकानही बंद करतो. ख्रिसमसच्या आत."

लोर्ना गावच्या धान्यकोठारात अकरा वर्षं ट्रक तोलत होती. "ट्रकवाला सांगेल तो आकडा मी कधी लिहिला नाही," ती म्हणाली. "तुझा तर मुळीच लिहिणार नाही. उद्या म्हणशील, तिनं मनानं घातला. मोजायचं."

"गरज नाही त्याची."

"मोजायचं म्हटलं ना!"

चाप ओढून बघायचा स्प्रिंगचा काटा भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता. तिनं तो काढला.

"तो बिघडलाय," अँटन घाईनं म्हणाला.

लोर्नानं काट्याच्या हुकाला पितळी वजन अडकवलं आणि हात स्थिर धरला. सुई पाचावर येऊन थांबली. तिनं वजन काढलं, पुन्हा लावलं. पाच.

"खोटारडा म्हातारा!"

तिनं बंदूक उघडली, आत बोट घालून ती रिकामी असल्याची खात्री केली, आणि टेबलाच्या पकडीत आवळली. अँटननं पकडीवर हात ठेवला.

"लोर्ना, ऐक माझं. राहू दे. मी सही करतोय ना? सगळं माझ्या नावावर जाऊ दे."

"हात काढ."

त्यानं काढला नाही. तिनं मनगट धरून बाजूला सारला. मग तो स्टुलावर बसला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

तिनं काट्याचा हूक चापात अडकवला आणि सावकाश, सरळ मागं ओढला. टक. काट्यावरचं वाचन तिनं कागदाच्या कडेला लिहिलं. दुसरं वाचन घेतलं, त्याखाली लिहिलं. मग थांबून काट्याला पुन्हा पितळी वजन लावलं. पाच. तिसरं वाचन. चौथं. पाचव्या वेळी तिनं ओढणारा हात बदलला.

पाचही वाचनांमध्ये दोन औंसांपेक्षा जास्त फरक नव्हता. सरासरी, सात पौंड सहा औंस. चाप कारखान्यातून आला तसाच होता.