इअरपीस

"आमच्या चॅनलमध्ये प्रत्येक रिपोर्टरच्या मनाची काळजी घेतली जाते," संपादक निमकर सर लाइव्ह चर्चेत सांगत होते. विषय होता पत्रकारांचं मानसिक आरोग्य. मी आत कंट्रोल रूममध्ये होते. स्टुडिओत बसलेल्यांच्या कानात सूचना देणं हे आता माझं काम. फील्डवर मी जात नाही.

दोन वर्षांपूर्वी एका गावावर दरड कोसळली, तेव्हा इअरपीस माझ्या कानात होता आणि आवाज सरांचा. ढिगाऱ्यासमोर एक आई नुसती बसून होती. तिची लेक आत होती. "तिला परत विचार, मुलगी कुठे झोपली होती. ती रडेपर्यंत कॅमेरा हलणार नाही." मी तीनदा विचारलं. तेव्हापासून डाव्या कानात मला कापसाचा बोळाही सहन होत नाही. रजा मागितली तर सर म्हणाले, "एवढी हळवी असशील तर रेसिपीचा शो कर."

आता मी सरांच्या इअरपीसचं बटण दाबलं. "सर, त्या आईचं नाव सांगा."

पडद्यावर सर बोलता बोलता अडखळले. हात कानाकडे गेला आणि तसाच खाली आला. लाइव्हमध्ये इअरपीस काढायचा नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

"आठवत नाही? मग मुलीचं सांगा."

त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. माझ्या शेजारी इरफान बसला होता, तेव्हाचा माझा कॅमेरामन; आता पडद्यावर कोणतं दृश्य दिसेल ते तो ठरवतो. त्याने काही न विचारता सरांचा क्लोज-अप लावला.

"सावकाश, सर," मी म्हटलं. "तुम्ही रडेपर्यंत कॅमेरा हलणार नाही."