बेगमचं वेगळं ताट

बोटीवरून लाँचमध्ये उतरताना तिने सँडल काढून हातात घेतले.

दुबईत, देइऱ्याच्या बाजारात दावतीच्या दिवशी सुरमई मिळेना.

नवाबजाद्याला टेनिस येतं.

एका मोठ्या थाळाभोवती चौघं जेवायला बसतात. पाचवा आला तर सरकून घेतात.

काळा चष्मा. जेवतानासुद्धा.

एवढ्यावर दुबईच्या खाडीच्या दोन्ही काठांची कोकणी मंडळी महिनाभर जगली. साल १९६४.

वेळणगड संस्थान होतं तेव्हाही त्यात दोन होड्या आणि एक तोफ याखेरीज काही नव्हतं. ते खालसा होऊनही वर्षं लोटली. पण नवाबजादा तो नवाबजादा. आणि त्याने जेटीवरच्या मासेवालीच्या पोरीशी निकाह लावला होता. तिला बुरखा नाही. दोघांचा हातात हात घेतलेला फोटो, तोही छापून आलेला. आता ही जोडी दुबईत उतरली होती. कशाला? नवाबजाद्याला इंग्रजांच्या कंपनीत नोकरी हवी होती. त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. ती गोष्ट खरी होती.

पुरुषांचं मत होतं, खानदानाला काळिमा लागला. बायकांचं मत तेच, फक्त तपशील जास्त. तपशील मैमुनाबी पुरवायची.

"तिची आई जेटीच्या तिसऱ्या पायरीवर मासे घेऊन बसायची," ती सांगे. "मेली तेव्हा कफनाचं कापड शेजाऱ्यांनी दिलं. आणि ही म्हणे बेगम!"

मैमुनाबी स्वतःचं माहेर मुंबईचं सांगायची. मग तिला वेळणगडची तिसरी पायरी कुठून ठाऊक, हे कुणी विचारलं नाही. बातमी तिखट आहे ना, मग झालं. त्या मासेवालीचं नावही कुणी विचारलं नाही. मासेवालीला नाव कशाला लागतं?

मैमुनाबीला तिखट बोलणं भाग होतं. तिच्या एकुलत्या मुलीची सोयरीक जमातीचे प्रमुख अलीमियाँ यांच्या घरात ठरत आली होती. मुलगा मुश्ताक बँकेत कारकून होता, हसरा होता. मुलीला आवडला होता. पण अलीमियाँची बायको मरियमबी सून शोधत नव्हती, खानदान शोधत होती. तिने सगळ्या बायकांसमोर बजावलं होतं, "जी त्या बाईबरोबर एका थाळात हात घालील, तिच्या घरची मुलगी माझ्या घरात येणार नाही. खलास."

तरी दावत द्यावी लागली, आणि तीही अलीमियाँकडेच. नवाबजादा गावात येऊन दुसऱ्या कुणाकडे जेवला असता, तर अलीमियाँना ते सोसलं नसतं.

बाहेरच्या खोलीत नवाबजादा थाळाशी बसला. काळिमा, काळिमा म्हणणारे नऊजण त्याच थाळाशी घुसले. गुडघ्याला गुडघे लागले. एकाचा हात भातापर्यंत पोचत नव्हता, तरी तो उठला नाही. उद्या सांगायला हवं होतं. मैमुनाबीचा नवरा हारुन तेवढा दाराशी लांब बसला आणि मान खाली घालून जेवला.

आतल्या खोलीत बायकांचे तीन थाळ मांडले होते. बेगमपुढे मात्र चिनीमातीचं एकट्याचं ताट आलं. वर काटा आणि चमचा.

"तुमचा मान आहे, बेगमसाहेब," मरियमबी म्हणाली.

युक्ती मैमुनाबीची होती. ताट आणून ठेवलंही तिनेच.

बेगमने चष्मा काढला. आधी मैमुनाबीकडे पाहिलं, मग ताटाकडे. काटा उचलून बाजूला ठेवला.

मरियमबीचं लक्ष होतं. "ही आमची मैमुनाबी," ती म्हणाली. "तुमच्या घरची हिला फार माहिती. जुनी ओळख आहे की काय?"

मैमुनाबीच्या हातातल्या पळीतून कालवण चटईवर ठिबकत राहिलं.

"नाही हो," बेगम म्हणाली. "अशा मोठ्या घरांत आमची उठबस कुठली?"

बायका हसल्या. एकीने दुसरीला कोपर मारलं. मरियमबीच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. बाईला आपली पायरी कळते, एवढं तरी बरं.

तेवढ्यात मैमुनाबीची मुलगी पाण्याचा पेला घेऊन आली. बेगम तिच्याकडे पाहत राहिली.

"नाव काय बेटा तुझं?"

"सायरा."

बेगमचा घास हातातच थांबला.

"कुणी ठेवलं?"

"अम्मीनं."

"छान ठेवलंय," बेगम म्हणाली. तिने डाव्या हाताने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि ताटातलं शेवटच्या शितापर्यंत संपवलं.

पुढच्या शुक्रवारी सायराचा साखरपुडा झाला. जोडपं तोवर परत गेलं होतं. नोकरी मिळाली नाही. साखरपुड्यात मुलीपेक्षा बेगमचंच बोलणं जास्त झालं. काटा बाजूला ठेवणं हे तिच्या जातीचं लक्षण ठरलं. चष्मा हे गर्वाचं.

"घरात, जेवताना, काळा चष्मा!" मरियमबी म्हणाली. "कशासाठी? सांगा ना, मैमुनाबी, तुम्हाला सगळं ठाऊक असतं."

"मिजास," मैमुनाबी म्हणाली. "दुसरं काय?"

वेळणगडच्या जेटीवर, तिसऱ्या पायरीवर मासे विकणाऱ्या त्या बाईचं नाव सायरा होतं. तिला दोन मुली होत्या. धाकटी पुढे बेगम झाली.