सारजाच्या व्हॅनमधला टेप

“गाणी कुठली भरू, मावशी?” व्हॅनच्या डॅशबोर्डमध्ये कोपरापर्यंत हात घालून नागेशनं विचारलं.

“गानी नगं,” सारजा म्हणाली. “माजा आवाज भरायचा हाय.”

नागेशला वाटलं, बाई चेष्टा करतीय. बारामतीतल्या त्याच्या दुकानात जुन्या गाड्यांना नवे टेप बसवून घ्यायला यायची ती बहुतेक तरणी पोरं. त्यांना काचा हादरतील असा दणका हवा असायचा. ही भिगवणची मासळीवाली मात्र सकाळीच नवऱ्याला आणि मासळीचा वास मारणारी जुनी मारुती व्हॅन घेऊन हजर झाली होती, आणि टेपाबरोबर टपावर भोंगाही मागत होती.

चेष्टा नव्हती. सारजाच्या घशात गाठ होती. परवा पुण्याला ऑपरेशन. गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागेल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. नंतर थोडंफार बोलायला शिकवतात म्हणे, पण आरोळी संपली. आणि सारजाचा चिलापी मासे विकायचा धंदा तर सगळा आरोळीवर. तिचं “आली गं चिलाऽऽपी!” कानावर पडलं, की डाळजपासून कळंबपर्यंत वस्त्यावस्त्यांवरच्या बाया हातातलं काम टाकून पातेली घेऊन बाहेर यायच्या. अलीकडं आवाज घोगरा झाला होता, तरी बाया तो ओळखायच्या.

नवरा, संभाजी, व्हॅन चालवायचा. माणूस सोन्यासारखा, पण धंद्यात शून्य. कुणी “दाजी, कमी करा की” म्हणायचा अवकाश, हा भाव उतरवून वर आणखी दोन मासे टाकायचा. एकदा सारजा तापानं पडली तेव्हा तो एकटाच फेरीला गेला आणि संध्याकाळी टोपल्या रिकाम्या, खिसाही रिकामा, असा हसतमुखानं परत आला.

“व्हॅन इकून टाकू,” तो आताही हळूच म्हणाला. “तू आराम कर. मी जाईन कुठंतरी कामाला.”

“आन मी घरात बसून काय करू? भित्ताडाशी बोलू? त्ये बी जमायचं न्हाय आता.”

सारजाला भीती वाटत होती. खूप वाटत होती. पण ऑपरेशनपेक्षा जास्त भीती त्या घरी बसण्याची होती. एकदा दाराआड गेलं, की माणसं मुकी बाई म्हणून कीव करतात आणि मग विसरून जातात. तिला ते मान्य नव्हतं.

दुपारी टेप बसला. नागेशनं बटण दाबलं, निळे दिवे लागले, भोंगा जरासा खरखरला आणि फ्यूज उडाला. दुसरा घातला. तोही गेला.

“वायरिंग म्हातारं झालंय, मावशी. बॅटरीपासनं नवी वायर ओढावी लागंल. उद्या या.”

“उद्या मी पुन्याला निगाले. म्हागारी यीन, तवा ह्यो आवाज माज्यासंगं नसंल.” सारजानं व्हॅनच्या दारातच फतकल मारली. “वायर वढ. मी हितनं हालत न्हाय.”

नागेशनं संभाजीकडं पाहिलं. संभाजीनं आभाळाकडं पाहिलं. लग्नापासून त्याला ही बैठक ठाऊक होती. नागेशनं दारातल्या दोन गिऱ्हाइकांना परत पाठवलं आणि नवी वायर काढली.

दिवस कलता कलता टेप वाजू लागला. मग सारजानं नवऱ्याचा मोबाइल घेतला, दोघांनाही बाहेर घालवलं आणि काचा लावून आत बसली. एक आरोळी भरायला वेळ तो किती लागावा? चहा आला, गार झाला, तरी ही बाई आतच. तोंड चालू, हात चालू. एकदा तर तिनं समोरच्या मोकळ्या सीटला बोट दाखवून दम भरला. धसक्यानं हिच्या डोक्यावर परिणाम झाला की काय, असं संभाजीला वाटलं. बाहेर आली तेव्हा ती घामानं भिजली होती आणि आवाज पार बसला होता. “टेपात येगयेगळं टाक,” ती कशीबशी म्हणाली. “आन रिमोटवरचं कुटलं बटान कशाचं, त्ये मला दाव.”

ऑपरेशन झालं. जखम भरली. दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी व्हॅन कळंबात शिरली.

“आली गं चिलाऽऽपी!”

बाया पातेली घेऊन धावल्या. पण सारजाच्या गळ्याभोवतीचं फडकं आणि तिचे मिटलेले ओठ बघून सगळ्या जागच्या जागी थबकल्या. भोंगा वर ओरडतच होता. सारजानं तो बंद केला.

सगळ्यांत पुढं प्रयागबाई होती. सांगितलेल्या भावात तिनं आजवर कधी मासा घेतला नव्हता. काय बोलावं ते तिला सुचेना, म्हणून सवयीनं जे तोंडात आलं तेच बोलली. “दाजी, जरा कमी करा की.”

संभाजी विरघळला. त्याचा हात टोपलीतल्या जास्तीच्या माशाकडं गेला. सारजानं रिमोट उचलला.

“अवं, हात म्हागं घ्या!” टपावरून भोंगा कडाडला.

संभाजीनं चटका बसल्यागत हात मागं घेतला. बाया खो खो हसल्या. प्रयागबाईही हसली, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. तिनं पदर तोंडाला लावला.

“सारजे, आता तुज्यासंगट भांडू कशी गं मी?”

सारजानं तिच्याकडं डोळे भरून पाहिलं. मग सावकाश बटण शोधलं आणि दाबलं.

“रडताय कशाला, बाई? डोळं पुसा. भाव त्योच हाय.”