देव सोडत नाही

परशुराम गुरवाने देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांनी ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घालायला तोंड उघडलं, तेव्हा सत्यवानला मोठ्ठा खोकला आला. खोकून काही उपयोग नव्हता. सावित्री शेजारीच हात जोडून उभी होती.

आजवर ती कौलाला कधी आली नव्हती. दरवर्षी गणपती गेले की सत्यवान एकटाच नारळ घेऊन देवळात यायचा. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. घरी परतल्यावर चपला काढता काढताच तो सांगायचा, "अवंदा पण देव सोडणा नाय गो." सावित्री "बरा" म्हणायची आणि कामाला लागायची.

काम पुष्कळ होतं. तारकर्लीच्या वाटेवर त्यांचं चार खोल्यांचं होमस्टे होतं. ओसरीवर भारताचा मोठा नकाशा लावलेला. "एकदा लडाख बघायचंय," सत्यवान पाहुण्यांना सांगे, "पण देव सोडत नाही." पुण्याचे पाहुणे हळहळत. खरी गोष्ट अशी की लग्नानंतर एकदाच तो कोल्हापूरला मुक्कामाला राहिला होता. तिथल्या पंख्याचा आवाज घरच्या पंख्यासारखा येईना, म्हणून पहाटेची पहिली एसटी धरून परत आला. चांगलं स्वतःचं घर सोडून, पैसे मोजून, माणसं दुसऱ्याच्या उशीवर डोकं ठेवायला का येतात हे त्याला इतक्या वर्षांत कळलेलं नव्हतं. त्यांच्यावरच पोट होतं म्हणून तो हे बोलून दाखवत नसे.

सावित्रीला जैसलमेर बघायचं होतं.

"दारात एवढी रेव पडली हा, ती बघ," सत्यवान म्हणायचा.

"ती ओली. माका सुकी बघूची आसा. आणि माका खंयतरी पावणी म्हणान जावचा आसा. सकाळी कोणीतरी माका इचारूक होया, च्या घेतलास काय म्हणान."

यंदाच्या मे महिन्यात मानसशास्त्राच्या एक प्राध्यापिकाबाई उतरल्या होत्या. तिसऱ्यांचं सुकं खाता खाता त्यांनी सांगितलं की सुट्टीत माणूस कुठे जातो ते त्याच्या खिशावर नाही, स्वभावावर ठरतं. काहींना सारखं नवं लागतं. काहींना आपली खाट हेच पर्यटनस्थळ. "तुम्ही दुसऱ्यातले," त्या सत्यवानला म्हणाल्या. नकाशाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. सत्यवानने हसून त्यांच्या वाटीत आणखी सोलकढी ओतली, म्हणजे तोंड बंद राहील. पण वाढायला सावित्री तिथेच उभी होती. गणपती गेले आणि ती म्हणाली, "अवंदा कौलाक मी पण येतंय."

म्हणून आजचा हा खोकला.

"बा देवा म्हाराजा," परशुरामाने सूर लावला, "आज ह्यो तुझो लेकरू सत्यवान दरवर्साप्रमाणे तुझ्या पायाकडे इलो हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला हा रुकार द्यावाच लागतो. सत्यवानचा रुकार तर वाडीत नावाजलेला. पंचक्रोशीत कुठेही गाऱ्हाणं असो, त्याला मुद्दाम पुढे उभा करत.

"तेका घर सोडून खंय जावक लावू नको. ह्याच घरात, ह्याच खाटेर तेका सुखान रवांदे रे म्हाराजा!"

"व्हय..."

म्हाराजा घशातच राहिला. दरवर्षीचं गाऱ्हाणं परशुरामाला तोंडपाठ होतं, बिचाऱ्याचा काय दोष? 'घराकडेच रवू काय?' असं विचारायचं, देवाने उजवी द्यायची, आणि घरी येऊन 'देव सोडणा नाय' म्हणायचं. यात खोटं एक अक्षर नाही, असं सत्यवानने स्वतःला कधीच पटवलेलं होतं. आता देवळातल्या समया बायकोपेक्षा जास्त रोखून बघतायत असं त्याला वाटू लागलं. दार मागे होतं, पण अर्ध्या गाऱ्हाण्यातून कोण निघतं?

सावित्री शांतपणे म्हणाली, "भावजी, गाऱ्हाणा बरा आसा. बदलू नकात. फकत फुडे थोडा जोडा."

ती सांगत गेली. परशुराम ते देवाच्या भाषेत घालत गेला.

"नाताळात चारय खोल्ये भरतत, तेव्हा ह्येका घराकडेच ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सत्यवान म्हणाला. जीभ सवयीची, ती त्याला विचारायला थांबली नाही.

"पावण्यांचा जेवाण, आंथरुणा, सकाळची च्या, सगळा ह्येच्याच हातसून करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि सावित्रीक एकटीक जैसलमेराक धाड, नि सुखरूप परत हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देऊळ घुमलं. तोंडावर हात ठेवेपर्यंत उशीर झाला होता.

मग सगळे गप्प. सत्यवानने डाव्या पाकळीवर डोळे लावले. आयुष्यात पहिल्यांदाच तो देवाकडे मनापासून काहीतरी मागत होता. डावी जागची हलली नाही. उजवी अलगद सुटली आणि पाषाणाच्या पायाशी पडली.

बाहेर पायरीवर चपला घालताना त्याने विचारलं, "डावी पडली आसती तर?"

"तरी गेलंय आसतंय," सावित्री म्हणाली. "तुमी देवाक काय इचारतास ता माका पयल्याच वर्सापासून ठावक आसा."

"मगे गप कशाक रवलंस गो?"

तिने नारळाची भकलं पिशवीत ठेवली, पिशवीची गाठ मारली.

"खंयच्या तरी वर्सा सरळ इचारशात, म्हणान दरवर्सा दोन तिकिटां काढी होतंय. तुमी कौल घेवन इलास की गप रद्द करी होतंय." ती पायऱ्या उतरू लागली. "अवंदा एकच काढलंय."